बिनकडीचं घर

यज्ञेशला लाज म्हणून उरली नव्हती. आईच्या फोटोला ताजा हार, खाली उदबत्ती, आणि त्याच फोटोसमोर पोरींच्या खोल्यांना बाहेरून कुलपं. तीही भरदुपारी.

नातीची वळकटी खांद्यावर घेतलेली गौसिया दारातच थबकली. नीट परीक्षेच्या क्लाससाठी लायबाला ठेवायला ती नांदेडहून आली होती. लातुरात होस्टेलं काय कमी आहेत? पण तिला हेच पाहिजे होतं. यज्ञेशच्या आईचं, विमलबाईंचं.

"पोरी शिकवून राहिलास, का बकऱ्या कोंडून राहिलास रे?"

"अभ्यासाची वेळ आहे, मावशी. नाहीतर मोबाईल घेऊन गच्चीवर पळतात. पालकच म्हणतात, कुलूप लावा."

"आन् तू लावलंस."

यज्ञेश हसला. तिच्या हातचं खाऊन वाढलेला. तिचं बोलणं तो कधी मनावर घेत नसे.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या रात्री, गावातल्या घरात, गौसियाच्या थोरल्या लेकीच्या खोलीची कडी अडकली होती. पोरगी आतून हाका मारत होती. मग मारेनाशी झाली. विमलबाईंनी गावात उरलेल्या बायका-लेकरांना लातूरला आणलं, हे घर बांधलं, तेव्हा सुताराला त्यांचं एकच सांगणं होतं, एकाही दाराला कडी नको. न्हाणीपुढं चप्पल दिसली की आत कुणी आहे, असं समजायचं. गौसियाच्या घरी अजून तीच रीत.

"चल लायबा. माघारी."

लायबा हलली नाही. "नानी, नंबरात येणाऱ्या पोरी इथंच राहतात. मी राहते."

"आतून हाक मारलीस तर कोण येईल?"

"कशाला मारू हाक?"

तिनं नानीच्या खांद्यावरची वळकटी काढून घेतली. कोपऱ्यातल्या खोलीपुढं सवयीनं चपला काढल्या, जोडीनं नीट लावल्या आणि आत गेली. यज्ञेशनं नव्यानं बसवलेल्या कडीला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली.

गौसिया त्या चपलांकडं बघत राहिली.

मग ती फोटोपाशी गेली. हार काढून यज्ञेशच्या हातात दिला.

"हा तुला ठेव. फोटो मी नेते. कोंडलेल्या घरात तुझी आई एक रात बी निजली न्हाई."