सोलांजची शहरातली जागा

सोलांजला अखेर लिओं शहरात जागा मिळाली. नगरपालिकेने दोनदा नाही म्हटलं होतं, तरी मिळाली. एक मागितली होती, सात मिळाल्या.

पण ते राहू द्या. त्या गुरुवारी तसलं काही होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्या गुरुवारी ओदिलोंने नेहमीसारखी लाल छत्री उघडली, पुलाजवळ जमलेल्या पर्यटकांची सहा डोकी मोजली आणि जुन्या शहरातली खाण्यापिण्याची पायी फेरी सुरू केली. नोव्हेंबरचं धुकं सोन नदीवर ओल्या गोधडीसारखं पडलं होतं.

"पाऊस तर नाही," गेंटहून आलेला दंतवैद्य म्हणाला.

"छत्री पावसासाठी नाही. तुम्ही हरवलात तर मी दिसावं म्हणून."

"आणि तुम्ही हरवलात तर?"

"तर छत्री ठेवून घ्या."

ओदिलोंच्या पाठीवरच्या पिशवीत सोलांज होती. त्याची बायको. सप्टेंबरात गेली. दहनानंतर मिळालेला कलश जांभळा, चकचकीत, कुठल्यातरी स्पर्धेत दुसरा नंबर आल्यासारखा. ओदिलोंला तो बघवेना. त्याने तिला स्वयंपाकघरातल्या एका दगडी बरणीत काढलं. तशा बरण्या घरात ढिगाने होत्या.

सोलांज जन्मली याच जुन्या शहरात, अंजिराचं झाड असलेल्या एका अंगणात. संसार मात्र झाला दोन नद्यांपलीकडे, व्हिलरबानला. शेवटच्या आठवड्यात ती एकच म्हणत होती, "मला तिकडे ने." ओदिलोंने हो म्हटलं होतं. मरणाऱ्या माणसाला सगळेच हो म्हणतात. हा पाळायला निघाला, तिथेच घोळ झाला.

"तुमच्या पत्नी आमच्या हद्दीत राहत नव्हत्या," नगरपालिकेतला कारकून खिडकीतून म्हणाला होता, "आणि आमच्या हद्दीत वारल्याही नाहीत. आमच्या दफनभूमीत त्यांना जागा कशी देणार?"

"जन्मली इथे."

"जन्माचं खातं वरच्या मजल्यावर."

"मग झाडाखाली थोडी राख..."

"सार्वजनिक जागी मनाई आहे. त्यासाठी तुम्ही पुन्हा अर्ज करू शकता. तो आम्ही पुन्हा नाकारू."

आता अंगणालाही कुलूप लागणार होतं. पर्यटकांच्या वर्दळीला कंटाळून रहिवाशांनी नवं दार बसवलं होतं, शुक्रवारपासून किल्लीशिवाय प्रवेश नाही. म्हणजे जे काही करायचं ते आज, पाहुणे गेल्यावर, गुपचूप.

पहिल्या थांब्यावर आतड्यांचं सॉसेज झालं. दुसऱ्यावर जाड बुडाच्या बाटलीतली यंदाची कोवळी वाइन. ओदिलों रेशीम विणणाऱ्यांच्या गोष्टी सांगत होता आणि एक हात मागे नेऊन पिशवी चाचपत होता.

"पाठ दुखते का?" मार्सेहून आलेल्या दोन बहिणींपैकी थोरलीने विचारलं.

"नाही. बायको आहे."

"लग्न झालेल्या सगळ्यांचीच दुखते," दंतवैद्य म्हणाला. त्याची बायको सोडून सगळे हसले.

तिसरा थांबा फर्नांदचं चीजचं दुकान. फर्नांद सोलांजची लहानपणची मैत्रीण.

"ये रे रड्या," ती गल्ल्यामागून ओरडली. "तोंड बघ, दूध नासेल माझं." मग पाहुण्यांकडे वळून तिने शेळीच्या ताज्या चीजचं ताट पुढे सरकवलं. सकाळीच घोळवलेली, करड्या रंगाची गोल वडी.

"हे वर काय लावलंय?" दंतवैद्याने विचारलं.

"राख. द्राक्षवेलीची. याच्या भावाच्या मळ्यातली, दर नोव्हेंबरात हाच आणून देतो. आजही पहाटे आला, बरणी ठेवली आणि शब्द न बोलता गेला. भुतासारखा. यंदा रंग जरा फिका आलाय, पण खाऊन तर बघा."

सगळ्यांनी खाल्लं. धाकटी बहीण डोळे मिटून उभी राहिली. दंतवैद्याने दुसरी फोड मागितली, मग ताट बोटाने पुसलं. त्याच्या बायकोने पहिल्यांदा त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"तूही घे," फर्नांद ओदिलोंला म्हणाली. "किती वाळलायस. ती असती तर चमचा घेऊन मागे लागली असती."

"नको गं."

"तिची शपथ."

त्याने घेतलं. सप्टेंबरपासून त्याच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता. हा उतरला. का कोण जाणे, त्याला एकदम बरं वाटलं, घरी आल्यासारखं. त्याने आणखी एक फोड घेतली.

संध्याकाळी स्टेशनच्या ट्रामपाशी त्याने पाहुण्यांना निरोप दिला. गेंटवाले गेंटला निघाले, बहिणी मार्सेला, जिनिव्हाचं म्हातारं जोडपं जिनिव्हाला. धाकटी बहीण म्हणाली, "ती चव काही जिभेवरून जात नाही."

मग तो एकटाच परत फिरला. घरांच्या पोटातून जाणाऱ्या अंधाऱ्या बोळातून अंगणात शिरला, अंजिराच्या बुंध्याशी गुडघे टेकले आणि बरणीचं बूच काढलं. काहीतरी बोलावं असं ठरवलं होतं, ते आठवेना. "आलीस बघ," एवढंच म्हणाला आणि बरणी हळूहळू उलटी केली.

"ए!" वरची खिडकी उघडून एक बाई ओरडली. "राख टाकायला आमचंच अंगण सापडलं का? सिगारेटी घरी ओढा!"

तेवढ्यात बरणीच्या तळातून काहीतरी दगडावर पडलं. बोटभर लांबीची जळकी काटकी. तिला एक पिळदार ताणा अजून चिकटलेला होता, द्राक्षवेलीला असतो तसा.

ओदिलों त्या काटकीकडे बघत राहिला. बाईने खिडकी लावून घेतली तरी बघत राहिला.

शुक्रवारी कचेरी उघडताच त्याने तिसरा अर्ज खिडकीत सरकवला. कारकुनाने तो नियमाप्रमाणे मोठ्याने वाचला: "अर्जदार आपल्या वाट्यापुरता कायमचा शहरात राहायला येण्यास तयार आहे, तरी कालच्या फेरीतील उर्वरित सहा पाहुण्यांना शहराच्या हद्दीत परत आणावे, ही नम्र विनंती."