शेवटच्या कोठडीची काच

तुरुंगाचं संग्रहालय झालं तेव्हापासून मावशी आणि त्यांची धाकटी जाऊ तिथं साफसफाई करत. गाईड लोकांना फाशी गेलेल्यांच्या भुतांच्या गोष्टी रंगवून सांगे. मावशी म्हणत, "मेल्यावरही इथंच राहायला भुतं काय पगारी आहेत?"

आज साहेबांनी बजावलं होतं, "शेवटच्या कोठडीच्या दारातली काच पुन्हा धुरकट दिसली, तर उद्यापासून घरी बसा." घरी बसून खायचं काय?

पूर्वी त्या काचेतून पहारेकरी कैद्यावर नजर ठेवत. मावशींनी ती बाहेरून पुसली. धुरकटपणा आतून होता. गुडघे सावरत त्या आत गेल्या, दार लोटून घेतलं, आतून पुसली. काच लख्ख झाली.

मग ती बाहेरून धुरकटली. जरा विरली. पुन्हा धुरकटली. कुणीतरी काचेला नाक लावून श्वास घेत होतं.

"अगं धाकटे, पुरे तुझी थट्टा! आधीच हात भरून आलेत."

"काय म्हणालात, जाऊबाई?" धाकट्या जावेचा आवाज पार खालून, अंगणातून आला.

काच पुसायची तर बाहेर जायला हवं होतं. पण मावशी भिंतीला पाठ लावून, मान खाली घालून उभ्या होत्या, हुकमाची वाट पाहत.