सव्वीस सेकंद

"बाबा, इथे डोळा लावा." मुलीने मायक्रोस्कोपसमोरची खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी केली.

तुटलेल्या ब्रॅकेटचा तुकडा भिंगाखाली होता. मंगळवारी एका उंच इमारतीवर झुला पेलणारं ते ब्रॅकेट तुटलं, आणि झुल्यावर बसून काचा पुसणारा माणूस खाली कोसळून मरण पावला. ब्रॅकेट याच कारखान्यातलं. चाचणी मुलीकडे, इथल्या प्रयोगशाळेत आली. भट्टीवर बाबा कामाला.

त्यांना भिंगात धातूचे दाणे दिसले आणि प्रत्येक दाण्याभोवती काळी रेघ. ती कशाची, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. भट्टीत अ‍ॅल्युमिनियम तापलं की त्यातलं तांबं गरम पाण्यातल्या साखरेसारखं विरघळतं. लगेच पाण्यात बुडवलं तर आतच राहतं. उशीर झाला की दाण्यांच्या कडेला येऊन साचतं, आणि धातू नेमका तिथेच दगा देतो. मुदत दहा सेकंदांची. भट्टीचं दार उघडल्यापासून ते मोठ्याने आकडे म्हणत, म्हणून सगळे त्यांना 'घड्याळ' म्हणून चिडवायचे.

या ब्रॅकेटचा माल भट्टीतून निघाला त्या दिवशी तो उचलणारी साखळी अडकली. जोडीदार जेवायला गेलेला. माल पाण्यात पडला तेव्हा आकडा सव्वीसवर होता. त्यांनी वहीत नऊ लिहिले. पुढे कडकपणाच्या चाचणीत माल पास झाला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारपासून मात्र आकडे थांबत नव्हते. दात घासताना, जिना चढताना, जेवताना. सव्वीसला घास हातातच राहायचा. भट्टीकडे पाठ केली की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. त्यांना त्याची भीती वाटत होती.

"पुन्हा तापवलं तर ही रेघ जाईल," ते भिंगावरून डोळा न काढता म्हणाले. "तासाभराचं काम. सगळं विरघळेल. आत काही झालं होतं याचा मागमूस राहायचा नाही."

"माहीत आहे."

"पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय गं."

मुलीने तुकडा भिंगाखालून काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "घ्या. भट्टी चालूच आहे."

ते उठले, दारापर्यंत गेले. तुकडा दिव्याखाली राहून कोमट झाला होता. नुकताच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखा. त्यांना पुढे पाऊल टाकवेना.

ते परत आले. तुकडा टेबलावर ठेवून म्हणाले, "लिही. पाण्यात टाकायला उशीर झाला. सव्वीस सेकंद. वहीतला नऊ खोटा आहे."

मुलीने खणातून कागद काढला. अहवाल आधीच टाइप केलेला होता. उशिराचं कारण स्पष्ट लिहिलेलं. सेकंदांची जागा तेवढी कोरी होती.

"सकाळीच तयार केला," ती म्हणाली. तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला. "आकडा तुमच्या तोंडून हवा होता."

त्यांनी स्वतःच्या हाताने आकडा भरला, सही केली. पेनाचं टोपण लावायचं राहून गेलं.

"कितव्या मजल्यावर होता तो?"

"सातव्या."

त्यांचे ओठ हलले, आणि लगेच थांबले.

"म्हणजे खाली येईपर्यंत तीनसुद्धा झाले नसतील गं," ते म्हणाले.