तळ्याकाठचा मार्ग

लेकीच्या सुट्टीत सगळ्यांनी जंगल सफारीला जायचं, असं सुनेनं ठरवलं, आणि सासरे सकाळपासून धुसफुसत होते. आधी म्हणाले, जीपच्या धक्क्यांनी कंबर मोडेल. मग म्हणाले, वाघ काय तुमची वाट बघत बसलाय?

शेवटी सूनही वैतागली. "बाबा, प्रत्येक गोष्टीत कशाला खोडा घालता? हा फोटो तरी बघा." तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "आपण हा तळ्याकाठचा मार्ग घेऊ. तिथे जुन्या घरांची जोती आहेत, त्यावर ही वाघीण रोज ऊन खात बसते म्हणे."

सासऱ्यांनी चष्मा चढवला. फोटोतल्या जोत्यावर बोट टेकवलं.

"वाघीण बसलीय ना, ते जोतं आमच्या घराचं आहे. मागच्या झाडाखाली माझी धाकटी बहीण पुरलीय."

सुनेच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण या घरात गावाचा विषय कुणी कधी काढला नव्हता.

"मग तर जाऊच या, बाबा," ती हळूच म्हणाली. "फक्त तिथे जीपमधून खाली उतरता येत नाही. वनखात्याची सक्त मनाई आहे."

सासऱ्यांनी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की कपातला चहा सांडला.

"राष्ट्रीय उद्यान करायचं म्हणून ह्याच लोकांनी आम्हाला बखोटं धरून गाडीत चढवलं होतं," ते ओरडले. "आता म्हणतात, गाडीतून उतरू नका!"