पोत्यातले चाळीस टन

“कोणी विश्वास ठेवणार नाही,” तोळामामा म्हणाले, “पण चाळीस टनांनी जड झालेला पूल मी एका संध्याकाळात मापात बसवलाय.”

मामांच्या जुन्या ड्रॉइंग बोर्डाचं आता जेवणाचं टेबल झालं होतं, पण त्याचा उतार काही केल्या जात नव्हता. भाची त्यावरचा कप धरून बसली होती. उद्या सकाळी दहाला तिचा पूल मंजूर तरी व्हायचा होता, नाहीतर कायमचा बाद. इस्पितळाच्या दोन इमारतींना तिसऱ्या मजल्यावर जोडणारा एवढासा पूल. तो झाला नाही, तर ऑपरेशन झालेली माणसं चाकाच्या खुर्चीतून भर रस्ता ओलांडत राहणार. जुन्या इमारतीची भिंत किती पेलेल याचा आकडा पक्का होता, सगळी खबरदारी त्यातच धरलेली होती. आणि तिने खाली आखून दिलेल्या मर्यादेपेक्षा पूल दोनशे ऐंशी किलोंनी जड भरत होता.

तिने सगळं रीतसर केलं होतं. एवढा गुंता एका झटक्यात सुटत नाही, म्हणून त्याचे थर पाडले. वर ती, वजनाची वाटणी करणारी. खाली तिघं: एक सांगाड्याचा, एक पायवाटेचा, एक टेकूंचा. ज्याने त्याने आपल्या वाट्यात चांगल्यात चांगलं जमवायचं आणि वर कळवायचं, किलोभर कमी दिलं तर पूल किती जास्त वाकेल. ज्याचं अडत नाही त्याचं काढून ज्याचं अडतंय त्याला द्यायचं, की पुन्हा पहिल्यापासून. अशा अकरा फेऱ्या झाल्या. बाराव्या फेरीला आकडा जागचा हलेना. तिघांचंही एकच म्हणणं, ताई, आता खरवडायलाही काही उरलं नाही.

मामांचा पूल नदीवरचा, राक्षसासारखा. पण थर तेच आणि रडगाणंही तेच. मामांनी काय केलं, तर एक रिकामं पोतं घेतलं, सायकलला अडकवलं आणि निघाले. प्रत्येकाच्या दारात पोत्याचं तोंड उघडून एवढंच म्हणायचं, ‘असू दे’ म्हणून जे जास्तीचं दडवलंय ते यात टाका. तारांवाला तासभर शपथा घेत होता, शेवटी डोळे पुसत त्याने नऊ टन टाकले. रस्तावाल्याने अकरा टाकले आणि हलकं वाटलं म्हणून वर चहा पाजला. टेकूवाला बेरका, सहा टाकून त्यातला पाव टन परत काढताना पकडला गेला. दिवेलागणीला चाळीस टनांचं पोतं कॅरियरला बांधून मामा घरी. चढावर तेवढं उतरावं लागलं. आणि पूल असा हलका झाला की कबुतरं त्यावर बसण्याआधी एक पाय टेकून बघत.

भाची हसली. मग हसता हसता थांबली. सायकल तिने सोडून दिली, कबुतरंही सोडून दिली. कोणी किती टाकले ते तिने पुन्हा विचारलं. मामांना काय, तेच हवं होतं. या खेपेला तारांवाला दोन तास रडला. आकडे मात्र तेच निघाले: नऊ, अकरा, सहा. आणखी कोणी होतं का, तिने विचारलं. खाली कोणी नाही, मामा ऐटीत म्हणाले, वर फक्त मी.

तिने कप खाली ठेवला. तो घसरत निघाला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

“मामा, हे सव्वीसच झाले. उरलेले चौदा टन तुम्ही स्वतःच दाबून ठेवले होते, त्यांना मर्यादाच कमी सांगितली होती तुम्ही. मीही माझ्या तिघांना तीनशे किलो कमीच सांगितलेत.”