आवारातली आई

कॅन्ससमधल्या त्या छोट्या चर्चच्या तळघरात व्हर्नाआजी दर बुधवारी दोन तास मुलं सांभाळत. त्यासाठी परवाना लागत नसे; फक्त प्रत्येक मुलाची आई किंवा वडील आवारात असायला हवेत, एवढीच अट. तपासणीला आलेला लायल नोकरीत नवा होता. त्याने मुलं मोजली, नऊ भरली; सगळी वेगवेगळ्या घरची. वर गाण्याच्या तालमीला मात्र आठच आया. वडील एकही नाही. तो गोंधळला, पुन्हा जिना चढून मोजून आला. आठच.

“आजी, एक आई कमी पडतेय.”

“सगळ्या आहेत,” कुणाचं तरी नाक पुसत आजी म्हणाल्या. “नियम नीट वाच की रे. इमारतीत म्हटलंय का आवारात?”

“आवारात. पण आहे कुठे ती?”

“टेसा, काकांना आई दाखव गं.”

पाच वर्षांच्या टेसाने त्याचं बोट धरून त्याला मागच्या दाराने बाहेर नेलं. गवतात, नाव आणि दोन तारखा कोरलेल्या एका दगडापाशी ती थांबली.

“आई, काका हजेरी घेतायत. हजर म्हण ना.”

लायलने टोपी काढली आणि नियम पुन्हा वाचला. आई आवारात असावी, एवढंच लिहिलं होतं.