चिठ्ठीतली शेवटची ओळ

‘नमस्कार काका.’ ‘वांग्याची भाजी झणझणीत झाली.’ ‘कपाशी कशी आहे?’ ‘माझं बरं चाललंय.’ बाळापूरजवळच्या शेतात, गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या पंगतीत, पौर्णिमाच्या पर्समधून पडलेली चिठ्ठी काका मोठ्यानं वाचत होते. “आयका हो! डिप्रेशनच्या गोळ्या खाऊन राहिली, तरी मानसाईसंग बोलाले इले कॉपी लागते!” पंगत खदखदून हसली. तिला नेहमीसारखं पळावंसं वाटलं. मग मुठीतल्या रोडग्याचा चुरा झाला. शेवटच्या ओळीवर काकांचा आवाज अडला, तेव्हा ती उभी राहिली. “थांबले काहून? वाचा ना पुरं!” काका चिठ्ठीची घडी घालू लागले. तिनं ती हिसकावली आणि ओरडून वाचलं, “काकांनी टोमणा मारला, तर हसायचं.” “आता हसा!” ती म्हणाली आणि खाली बसून रोडगा खाऊ लागली. आठ महिने तिनं चारचौघांत घास घेतला नव्हता.